पडद्यावरचे आपले घर

मंडळी, सिनेमा तुम्ही सर्वांनी पाहिला आहे. कोणी जत्रेतल्या तंबूत पाहिला असेल. कोणी कल्याणला थेटरात जाऊन पाहिला असेल. हल्ली तर पोरांच्या हातातल्या फोनवरही सिनेमा दिसतो. मग त्यावर धडा कशाला? सांगतो.

आमचा वर्ग कल्याणच्या पुढे एका गावात भरतो. गाव म्हणायचे, पण ते गाव आहे की शहर, हे आता गावालाही सांगता येत नाही. एका अंगाला भाताची खाचरे आहेत. दुसऱ्या अंगाला सात-सात मजली इमारती आहेत. मधून डांबरी रस्ता. रस्त्याच्या अलीकडे गुरे बसलेली असतात, पलीकडे रिक्षांची रांग असते. वर्गाला येणारी मंडळी बहुतेक साठीच्या आसपासची. रात्री जेवणे उरकून येतात. कोणाची पाटी, कोणाची वही, कोणाच्या हातात नातवाचे जुने पुस्तक.

एका रात्री आम्ही 'स' गिरवत होतो. स साखरेचा, स सुपाचा, स सिनेमाचा. 'सिनेमा' हा शब्द मी फळ्यावर लिहिला. मागच्या रांगेतल्या एक आजी म्हणाल्या, "मास्तर, शिनेमात राजा असतो, डाकू असतो, नाचनारी बाई असते. आमच्यासारक्यांच्या घराचा शिनेमा कोन काढील? आन काढला तरी बगंल कोन?"

मंडळी हसली. पण प्रश्न काही हसण्यासारखा नव्हता.

मी म्हणालो, "आजी, काढलाय. आणि आपल्या गाडीच्या नावाचा काढलाय."

त्या सिनेमाचे नाव 'डोंबिवली फास्ट'. आपल्या भागात फास्ट म्हणजे काय हे सांगायला नको. मधली बरीच ठेसने सोडून धावते ती फास्ट. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली. पुढच्याच वर्षी, १ मे १८५४ ला, ती कल्याणपर्यंत पोचली. त्या रुळांवरूनच पुढे मुंबई आपल्याकडे आली. ज्याला मुंबईत खोली परवडेना तो ठाण्याला आला. ठाणे महागले तेव्हा डोंबिवलीला आला. मग कल्याणला. खाचरांच्या जागी चाळी झाल्या. आता चाळी पाडून इमारती होत आहेत. सकाळी माणसे गाडीने जातात, रात्री गाडीने येतात. घर डोंबिवलीला आणि आयुष्य गाडीत, अशी कित्येकांची गत आहे.

तशाच एका माणसाची ही गोष्ट आहे. त्याचे नाव माधव आपटे. बँकेत नोकरी. बायको, दोन मुले, लहानसे घर. निशिकांत कामत यांचा हा पहिलाच सिनेमा. तो २००५ साली आला. आपट्यांचे काम संदीप कुलकर्णी यांनी केले आहे, त्यांच्या बायकोचे काम शिल्पा तुळसकर यांनी. त्या वर्षीचा उत्तम मराठी चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पुढे कामतांनी तीच गोष्ट तमिळ भाषेतही काढली. हे कामत २०२० साली वारले, वय फार नव्हते.

आम्ही वर्गाच्या भिंतीला पांढरी चादर बांधली. ट्रस्टच्या कार्यालयातून यंत्र आणले. दिवे मालवले.

सुरुवातीला काय दिसते? सकाळ, घाई, गाडी, गर्दी, कचेरी, पुन्हा गाडी, पुन्हा घर. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. एक गृहस्थ कुरकुरले, "मास्तर, हे तर तेच तेच दाखवतंय. यंत्र अडकलं का?" यंत्र अडकले नव्हते. माणूस अडकला होता. ते दाखवण्यासाठीच तेच तेच दाखवले होते. असा सिनेमा पाहताना घाई करू नये. एकच गोष्ट पुन्हा दाखवली तर ती का दाखवली, एवढे मनाला विचारावे.

मग आपट्यांचा संयम सुटतो. एक दुकानदार थंड बाटलीचे छापील किमतीपेक्षा जास्त पैसे मागतो. दोन पैशांचा प्रश्न नसतो, सगळ्या आयुष्याचा राग तिथे बाहेर येतो. आपटे हातात क्रिकेटची बॅट घेतात आणि तोडफोड करतात. आमच्या वर्गातल्या तरुण पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या टाळ्या आवडल्या नाहीत. आपटे खरे बोलतात, हे कबूल. पण बॅटीने पाणी येत नाही आणि गाडीत जागाही होत नाही. त्या माणसाचा शेवट काय होतो, तेही सिनेमा लपवत नाही.

मला आवडले ते दुसऱ्या दिवशीचे. वर्गातले एक काका बिस्किटांचा पुडा घेऊन आले. पुड्याच्या मागे बारीक अक्षरात किंमत छापली होती. ती त्यांनी बोट ठेवून वाचली. दुकानदाराने किती घेतले तेही सांगितले. दोन्ही आकडे सारखे होते. काकांना जरा वाईटच वाटले, भांडायची तयारी करून आले होते.

पण आजींचे समाधान झाले नव्हते. त्या म्हणाल्या, "घर दावलं खरं. पन हा कमावत्या मानसाचा शिनेमा. जो गाडीनं जातो त्याचा. जो घरी ऱ्हातो त्याचा नाय."

खरी गोष्ट. मोहल्ला बदलतो तेव्हा त्याचा त्रास कमावत्याला गाडीत होतो, म्हाताऱ्याला घरात होतो. चाळीत दार दिवसभर उघडे असे. कोणी दार लावले तर भांडण झाले असे शेजारी समजत. इमारतीत दार लावलेलेच असते. गावातल्या घराला ओटा होता. ओट्यावर बसले की येणारा-जाणारा दोन शब्द बोलून जाई. आता लेक म्हणतो, "बाबा, खाली बाकडं आहे की." बाकडे आहे. पण चौथ्या मजल्यावरून खाली यायला लिफ्ट, लिफ्टला बटणे, बटणांवर आकडे. आकडे येत नाहीत तो माणूस वरच बसतो. खिडकीतून पाहतो तर त्याचेच शेत, त्यावर दुसऱ्याची इमारत.

आणि वाटा! आपल्याकडच्या जुन्या माणसाला वाट झाडावरून कळते. चिंचेपाशी वळायचे, बांध धरून जायचे, विहिरीपाशी पोचायचे. चिंच तोडली, बांध मोडला, विहीर बुजवली. मग माणूस चुकला तर नवल काय?

हे बोलणे चालले असता आजी एकदम गप्प झाल्या. का, ते मला त्या दिवशी कळले नाही.

पुढच्या शनिवारी मी परदेशचा सिनेमा आणला. जपान देशाचा. तुम्ही म्हणाल, डोंबिवलीचे घर सोडून जपानला कशाला जायचे? पण म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टीत त्याच्याइतका साधा सिनेमा मला ठाऊक नाही. त्याचे नाव 'टोकियो स्टोरी', म्हणजे टोकियो शहराची गोष्ट. तो १९५३ साली यासुजिरो ओझू यांनी काढला. चित्र काळे-पांढरे. भाषा जपानी. खाली इंग्रजी अक्षरे. ती मलाही भरभर वाचता येईनात. मी बाजूला उभा राहून मराठीत सांगू लागलो.

एक म्हातारा-म्हातारी समुद्रकाठच्या गावात राहतात. गावाचे नाव ओनोमिची. मुले टोकियोला. एवढा लांबचा प्रवास करून दोघे मुलांना भेटायला जातात. थोरला मुलगा डॉक्टर. त्याचे घर शहराच्या कडेला, दाटीवाटीच्या वस्तीत. रविवारी आईबापांना शहर दाखवायला निघतो, तेवढ्यात रोग्याचे बोलावणे येते. बेत मोडतो. मुलगी केस कापण्याचे दुकान चालवते. दुकानात आलेली बाई विचारते, ही माणसे कोण? मुलगी सांगते, गावाकडची ओळखीची माणसे आहेत. आईबाप आहेत असे सांगत नाही.

इथे वर्गात कोणीतरी खोकले. बाकी आवाज नाही.

मुले वाईट नाहीत बरे का. मारत नाहीत, उपाशी ठेवत नाहीत. त्यांना वेळ नाही, एवढेच. दोघे भावंडे पैसे काढतात आणि आईबापांना गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी पाठवून देतात. नाव हवापालटाचे. खरे म्हणजे घरातली अडचण बाहेर काढली. तिथे रात्रभर गोंगाट. दोघांना झोप लागत नाही. सकाळी समुद्राच्या बांधावर म्हातारीला घेरी येते. परत टोकियोला येतात तर घरात जागा नाही. मग म्हातारी सुनेकडे जाते. ही सून विधवा. तिचा नवरा लढाईत गेला, त्याला आठ वर्षे झाली. ती एका खोलीत राहते, आपल्या चाळीसारखी खोली. सासू-सासरे आले तर घरात प्यायला द्यायला काही नाही. ती शेजारणीकडून उसने आणते. तिनेच कचेरीतून रजा काढून दोघांना शहर दाखवलेले असते. उंचावरून शहर पाहताना म्हातारी म्हणते की एवढ्या मोठ्या शहरात आपण हरवलो तर जन्मभर सापडायचो नाही.

मी सांगत होतो आणि आजी म्हणाल्या, "मास्तर, गप ऱ्हावा. समदं कलतंय."

मी खाली बसलो. खाली बसल्यावर एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पडद्यावरची माणसे चटईवर बसलेली होती. आम्हीही सतरंजीवर बसलेलो. आणि ती आम्हाला अगदी समोर बसल्यासारखी दिसत होती. ओझू आपला कॅमेरा फार खाली ठेवत असत. उभ्या माणसाच्या डोळ्यांपाशी नाही, जमिनीवर बसलेल्या माणसाच्या उंचीला. कॅमेरा पळत नाही, वर-खाली होत नाही. घरात एखादा पाहुणा गप्प बसून बघतो, तसा बघतो. खुर्चीवर बसून हा सिनेमा पाहणाऱ्यांना हे कितपत कळत असेल, कोण जाणे.

गावी परतल्यावर म्हातारी आजारी पडते आणि मरते. मुले येतात, रडतात. लगेच मुलगी आईची चांगली वस्त्रे कोणती आपल्याला मिळतील हे विचारते. मग सगळी आपल्या गाडीने परत. सून मागे राहते. म्हातारा तिला बायकोचे घड्याळ देतो. मग तीही जाते. म्हातारा एकटा बसतो. संपले.

दिवे लावले. एक काकी डोळे पुसत म्हणाल्या, "लुगडी वाटून घेतली हो लगेच." त्यांच्या घरी काय झाले असेल ते मी विचारले नाही.

आजी मात्र उठल्या नाहीत. सगळे गेल्यावर म्हणाल्या, "मास्तर, ती हरवायची गोष्ट सांगितली ना, आमचं म्हातारं हरवतं."

मग त्यांनी सांगितले. गेले वर्षभर त्यांचे यजमान घराबाहेर पडले की चुकतात. दोनदा रिक्षावाल्यांनी आणून सोडले. एकदा रात्री उशिरा नव्या इमारतींच्या मागे सापडले. घरच्यांना वाटले, गाव बदलले, खुणा गेल्या, म्हणून चुकतात. आजींनाही तेच वाटले होते. त्या दिवशी चिंचेचे आणि बांधाचे बोलणे निघाले तेव्हा त्या गप्प झाल्या, त्याचे कारण हेच. "पन मास्तर," त्या म्हणाल्या, "चिंच तोडली म्हनून वाट चुकतो हे खरं मानलं. मग भाकर खाल्ली हे कशानं इसरतो? परवा मना ईचारलं, तू कोनाची?"

शेजारपाजारचे हसत. आपल्याकडची थट्टा तुम्हाला ठाऊक आहे. कोणी विसरला, बडबडला, की म्हणायचे, आता याला ठाण्याला न्या. ठाण्याला १९०१ सालापासून मनाच्या आजारांचे मोठे सरकारी इस्पितळ आहे, त्यावरून ही थट्टा. पोट दुखले म्हणून दवाखान्यात गेलेल्याला कोणी हसत नाही. मन दुखले म्हणून गेलेल्याला मात्र गावभर हसतात.

तेव्हा मी तिसरा सिनेमा आणला. तो मुद्दाम आजींसाठी आणला, पण तसे बोललो नाही.

त्याचे नाव 'अस्तु'. तो सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २०१३ साली काढला. या सुमित्राबाई पुण्याच्या. त्या आधी समाजकार्याचे शिक्षण देत. पुण्याच्या झोपडपट्टीतल्या बायकांच्या जिण्याचा त्यांनी अभ्यास केला. अभ्यास लिहून झाला. मग त्यांना वाटले, ज्या बायकांविषयी लिहिले त्यांना तर वाचता येत नाही. त्यांच्यापर्यंत हे पोचायचे कसे? म्हणून त्यांनी १९८५ साली 'बाई' नावाचा लहानसा चित्रपट काढला. तिथून त्या सिनेमाकडे वळल्या. २०२१ साली त्या वारल्या. ही हकीकत मी वर्गात सांगितली तेव्हा पुढच्या रांगेतली एक बाई म्हणाली, "मंग आमाला आता वाचता येतं. ते लिवलेलं द्या की." मला उत्तर सुचले नाही.

'अस्तु'मध्ये एक म्हातारे पंडित आहेत. संस्कृतचे मोठे विद्वान. त्यांचे काम मोहन आगाशे यांनी केले आहे. आगाशे हे स्वतः मनाच्या रोगांचे डॉक्टर आहेत. या पंडितांना विस्मरणाचा आजार होतो. त्याला अल्झायमर म्हणतात. हा मेंदूचा आजार आहे. त्यात माणूस लहानपणचे सांगतो आणि सकाळचे विसरतो. पुढे पुढे घरची माणसेही ओळखू येत नाहीत. एके दिवशी मुलगी त्यांना गाडीत बसवून जवळच कामाला जाते. रस्त्याने एक हत्ती येतो. पंडित लहान मुलासारखे गाडीतून उतरतात आणि हत्तीमागून चालू लागतात. मुलगी येते तर गाडी रिकामी.

पंडित माहुताच्या कुटुंबाकडे जातात. माहुताची बायको चन्नम्मा. तिचे बोलणे कानडी. घर कसले, उघड्यावरचा संसार. पण ती या अनोळखी म्हाताऱ्याला खाऊ घालते, त्याची घाण काढते, त्याला लेकरासारखे सांभाळते. त्याला तिच्यात आपली आई दिसते. चन्नम्माचे काम अमृता सुभाष यांनी केले, त्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ते योग्यच झाले. इकडे शिकलेली मुलगी वणवण शोधत असते आणि स्वतःलाच दोष देत असते. सिनेमा तिला दोष देत नाही. असे माणूस सांभाळणे किती जड आहे, ते तो सांगतो. मला तो भाग सर्वांत खरा वाटला.

आजी शेवटपर्यंत पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. संपल्यावर म्हणाल्या, "म्हंजे येड नाय. आजार हाय."

"आजार आहे," मी म्हणालो. "पण तुमच्या घरी तोच आहे की दुसरा, हे डॉक्टर सांगतील, सिनेमा नाही."

कारण विसरणारा प्रत्येक म्हातारा याच आजाराचा नसतो. कोणाच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी असते. कोणाची थायरॉईडची गाठ नीट काम करत नाही. कोणाला ऐकूच कमी येते, आणि घरचे म्हणतात, सांगितलेले विसरला. यांवर औषध आहे, आणि वेळेवर दिले तर माणूस सुधारतो. अल्झायमर मुळापासून बरा करील असे औषध अजून नाही. पण काही औषधांनी थोडा आधार मिळतो. रोजचा क्रम ठरलेला ठेवला, वस्तू जागच्या जागी ठेवल्या, वाद घातला नाही, तर घरातली ओढाताण कमी होते. आजींच्या यजमानांना मुलाने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी रक्त तपासले, आज वार कोणता, हे गाव कोणते, असे प्रश्न विचारले. आजार तोच निघाला.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांच्या खिशात नाव-पत्त्याची चिठ्ठी कायम ठेवा.

दुसऱ्या दिवशी आजी वर्गाला लवकर आल्या. म्हणाल्या, "मास्तर, चिठ्ठी लिवायची हाय." मी लेखणी हातात घेतली. त्यांनी माझ्या हातातून काढून घेतली. "मी लिवते."

मी म्हणालो, "बरे. आधी नाव लिहा. काय नाव त्यांचे?"

आजी लाजल्या. सत्तरीच्या आजी, पण लाजल्या. नवऱ्याचे नाव लग्नात उखाण्यात घेतले होते. त्यानंतर तोंडाने कधी घेतले नव्हते. मला ते नाव ठाऊक होते, पण मी बोललो नाही. आजींनी ओठ मिटून घेतले आणि लिहू लागल्या. एक अक्षर. मग काना. मग दुसरे अक्षर. वेलांटी उलटी पडली, ती खोडली, पुन्हा दिली. नावाला पाव तास लागला. त्याखाली गावाचे नाव. त्याखाली मुलाच्या फोनचे दहा आकडे. ते त्यांनी मुलाच्या हस्ताक्षरातल्या कागदावरून पाहून लिहिले आणि बोट ठेवून तीनदा ताडून पाहिले. चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवीत घातली. बंडीच्या आतल्या खिशात ठेवून वरून दोन टाके घातले, हात घातला तर निघेल इतकेच.

चार दिवसांनी संध्याकाळी मी त्यांच्या घरावरून जात होतो. दोघे ओट्यावर बसले होते. त्यांच्या घराला अजून ओटा आहे. म्हाताऱ्याने खिशातून चिठ्ठी काढली होती आणि उलटसुलट करून पाहत होता. त्याला अक्षर येत नाही. त्याने आजींना विचारले, "काय लिवलंय? कोनाचं नाव हाय हे?"

आजींनी इकडे तिकडे पाहिले. मी रस्त्यात होतो, पण त्यांनी मला पाहिले नसावे. चिठ्ठी हातात घेतली, डोळ्यांजवळ धरली आणि मोठ्याने वाचली.